स्पंजासारखं पेडल आणि कोर्टातल्या बाई

माझ्या गॅरेजला बोर्ड नव्हता. दिंडोशीला वसाहतीच्या मागच्या गल्लीत पत्र्याची शेड, आत एका गाडीची जागा, बाहेर चिंचेखाली दुसरीची. एकतीस वर्षं तिथे काढली. लोक पत्ता विचारायचे तो ‘ब्रेकवाले परब कुठे’ असा. इंजिनाचं काम चांगलं झालं की गाडी गुणगुणत बाहेर पडते, मालक खूश होतो, चार जणांना सांगतो. ब्रेकचं काम चांगलं झालं तर काहीच होत नाही. माणूस सिग्नलला थांबतो आणि पुढे जातो, बस. आपण थांबलो हे त्याच्या लक्षातही येत नाही. त्यामुळे कौतुकाची सवय मला कधी लागली नाही. मात्र माझ्या हातून गेलेली गाडी थांबणार, याचा एक अभिमान मनात होता. त्या अभिमानाचं काय झालं ते सांगतो.

गॅरेज बंद केलं त्या वर्षीची गोष्ट. मार्चची सुरुवात असेल. सकाळी शेडचं शटर वर केलं तर बाहेर एक गाडी उभी. फिकट निळा रंग, गोल दिवे, पुढच्या बाजूला जाड क्रोमचा पट्टा. परदेशी बनावटीची, पन्नास वर्षांपूर्वीची तरी असणार. असल्या गाड्या मी पाहिल्या होत्या, पण त्या गोरेगावच्या स्टुडिओत, ट्रकवर चढवून नेताना. ही स्वतःच्या चाकांवर आलेली. तिच्या शेजारी सुती साडी नेसलेल्या, पांढऱ्या केसांचा बॉब केलेल्या एक बाई उभ्या होत्या, हातात लांबट वही.

“परब तुम्हीच ना? मी कुमुद फणसे. गाडी डावीकडे ओढते. शिवाय डावं पुढचं चाक गरम होतं. हात लावून बघा, आत्ता बोरिवलीहून आलेय.”

मी हात लावला आणि चटकन मागे घेतला. चाक तव्यासारखं तापलं होतं.

बाई दिंडोशीच्याच कोर्टातून स्टेनो म्हणून निवृत्त झालेल्या. साक्षीदार बोलेल ते लघुलिपीत उतरवायचं आणि नंतर टाइप करायचं, हे आयुष्यभराचं काम. यजमान जहाजावर इंजिनियर होते. ही गाडी त्यांनी हौसेने घेतली होती आणि बाईंना त्यांनीच ती चालवायला शिकवली. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती. गाडी मात्र बाई रोज चालवत होत्या. कोर्टात असतानाही तीच घेऊन जायच्या.

मी गाडीखाली डोकावत काहीबाही बोलत होतो. वर पाहिलं तर बाई वहीत वेड्यावाकड्या रेघा मारत होत्या.

“काय लिहिताय, मॅडम?”

“तुम्ही जे बोललात ते. सवय आहे हो. कानावर पडलं की हात चालतो. आणि ‘मॅडम’ नको, कोर्टातही मला बाईच म्हणायचे.”

मला हसू आलं. एकतीस वर्षांत माझं बोलणं लिहून घ्यावं असं कुणाला वाटलं नव्हतं.

ज्यांनी कधी ब्रेक उघडून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तुमचा पाय पेडल दाबतो, तेव्हा तो चाकाला थेट काहीच करत नाही. पेडलच्या पुढे एक सिलिंडर असतो, त्यात तेल भरलेलं. तेल बारीक पाइपातून चारही चाकांपर्यंत जातं. तुम्ही इकडे दाबलं की तिकडे चाकाजवळचे पिस्टन पुढे सरकतात आणि चाक धरतात. या गाडीला मागच्या चाकांना ड्रम होते आणि पुढच्या दोन चाकांना लोखंडी चकत्या, म्हणजे डिस्क. डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा जो लोखंडी पंजा असतो, त्याला कॅलिपर म्हणतात.

हे सगळं चालतं ते एकाच कारणाने, तेल दाबलं तरी आकसत नाही. इंजेक्शनची सुई काढून नुसती सिरिंज घ्या, पाणी भरा, तोंडावर बोट दाबून धरा आणि दट्ट्या ढकला. हलणार नाही. आता पाण्याऐवजी हवा भरा. दट्ट्या आरामात आत जाईल. ब्रेकच्या तेलात हवेचा एक बुडबुडा राहिला तरी हेच होतं. पाय दाबतो, पण ती मेहनत बुडबुडा दाबण्यातच जाते. पेडल स्पंजासारखं लागतं. म्हणून ब्रेक उघडला की शेवटी हवा काढावीच लागते. त्यासाठी प्रत्येक चाकाला एक छोटा पोकळ स्क्रू असतो, आम्ही त्याला निपल म्हणतो. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने निपल सैल करायचं, हवा बाहेर, लगेच बंद. असं करत राहायचं.

बाईंच्या गाडीचं दुखणं वेगळं होतं. डाव्या कॅलिपरमधला पिस्टन गंजून अडकला होता, ब्रेक सोडला तरी चाक सुटत नव्हतं. दोन्ही कॅलिपर काढून साफ करायचे आणि आतले रबर बदलायचे असं ठरलं. रबराचं किट इथे मिळेना. बाईंच्या भाचीने ते परदेशातून पाठवलं, त्याला सहा आठवडे लागले. किट आलं त्या दिवशी मी दोन्ही कॅलिपर बाकावर शेजारी शेजारी मांडले, पिस्टन काढले, चकचकीत केले, नवे रबर घातले, परत बसवले. हवा काढायला पेडलवर कुणीतरी लागतं. बाई म्हणाल्या, “मी बसते.”

“दाबलं,” त्या वरून सांगायच्या. मी निपल सोडून बंद करायचो आणि म्हणायचो, “सोडा.” “सोडलं.” साक्ष चालल्यासारखं आमचं चाललं होतं.

चाकं आता मोकळी फिरत होती. पेडल मात्र मऊ. पहिल्यांदा दाबलं की निम्म्याच्या खाली जाई, दुसऱ्यांदा जरा वर, तिसऱ्यांदा बरं. मी म्हटलं, हवा राहिली असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढली. तसंच. मग पेडलपुढच्या मुख्य सिलिंडरचे वॉशर बदलले. मागच्या ड्रमला आतून घासणारे शूज जवळ घेतले. तिसऱ्यांदा हवा काढली. त्या दिवशी पेडल जरा वर लागल्यासारखं वाटलं.

“ट्रायल घेऊ,” मी म्हणालो.

“गाडी मी चालवते. तुम्ही बाजूला बसा.”

इथे मी नको म्हणायला हवं होतं. मऊ पेडलची गाडी मेकॅनिकने स्वतः चालवायची असते, तीही सपाट रस्त्यावर, सावकाश. पण मला वाटलं, आपण बाजूला आहोतच.

वसाहतीच्या वरच्या अंगाला एक उतार आहे, खाली वळणावर बसचा थांबा. बाई उताराला लागल्या. वेग जास्त नव्हता. खाली बस उभी राहिली, माणसं उतरायला लागली. बाईंनी ब्रेक दाबला. त्यांचा गुडघा खाली गेलेला मी पाहिला, आणि गाडी होती तशीच पुढे. एक पंप, दुसरा पंप. बसची मागची पाटी मोठी होत चालली. बसमागून एक माणूस पिशवी घेऊन रस्ता ओलांडायला निघाला होता, त्याने आमच्याकडे पाहिलं आणि तो जागीच थिजला. माझा हात आपोआप हँडब्रेककडे गेला, पण बाईंचा हात तिथे आधीच पोचला होता. त्यांनी तो खेचला, तिसरा पंप मारला आणि गिअर खाली टाकला, सगळं एका दमात. मागची चाकं ओरडली. गाडी थांबली तेव्हा आमचं क्रोम आणि बसची मागची बाजू यांत वीतभर जागा होती.

पिशवीवाला निघून गेला. बस सुटली.  बाईंनी डॅशबोर्डवरची वही उघडली, पेन काढलं आणि विचारलं, “पहिला दाब पूर्ण खाली, दुसरा अर्धा, तिसऱ्याला लागला. बरोबर ना?”

“बरोबर,” मी म्हणालो. 

परत येताना गाडी मी चालवली, पहिल्या गिअरमध्ये.

त्यानंतर मी हट्टालाच पेटलो. इतकी वर्षं ब्रेकवाले परब म्हणवून घेतलं आणि एक पेडल मला दाद देत नाही? चाकांजवळचे रबरी पाइप जुने होते, दाब पडला की फुगत असतील म्हणून तेही बदलले. चौथ्यांदा हवा काढली. पाचव्यांदा काढली. तेल सगळं नवं. पेडल स्पंज ते स्पंजच.

शेवटी मी जुनी युक्ती केली. रबरी पाइपाला कापड गुंडाळून पकडीने आवळून धरायचं, म्हणजे त्या चाकाकडे तेल जाणं बंद. मग पेडल दाबून बघायचं. मागचा पाइप आवळला, फरक नाही. पुढचे दोन्ही आवळले आणि पेडल एकदम दगड. म्हणजे मुख्य सिलिंडर चांगला, मागचं चांगलं, दोष पुढच्या दोन कॅलिपरमध्येच. ते कॅलिपर तर मी स्वतः हाताने उघडून बसवले होते, नवे रबर घालून. मग उरलं काय? लोखंडच थकलं असणार. पन्नास वर्षांचे कॅलिपर, आत कुठे तरी फाकत असतील, असं मी ठरवून टाकलं.

तोवर एप्रिल संपत आला होता. गाडीचं रजिस्ट्रेशन महिनाअखेरीस संपत होतं. जुन्या गाडीची मुदत वाढवायची तर आरटीओत नेऊन दाखवावी लागते, ब्रेक तपासतात. बाईंना गुरुवारची तारीख मिळाली होती. नवे कॅलिपर मागवायचे तर पुन्हा सहा आठवडे, तेही मिळाले तर. बाईंचा पुतण्या निखिल मुलुंडला राहायचा. मुलगा चांगला, पण काकूने सदुसष्टाव्या वर्षी गाडी चालवावी हे त्याला पटत नव्हतं. त्याने एक गिऱ्हाईक आणलं होतं. शूटिंगला सामान पुरवणारा माणूस, तो गाडी सेटवर उभी करणार होता. तिला रजिस्ट्रेशन नको होतं आणि ब्रेकही नको होते. इंजिनसुद्धा तो काढून ठेवणार होता.

सोमवारी मी बाईंना फोन केला. “बाई, खरं सांगतो. गाडी म्हातारी झाली. आता तिच्याकडून ब्रेकची अपेक्षा करू नका. निखिल म्हणतो ते ऐका.”

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “परब, ही गेली की मला कुणी दुसरी घेऊ देणार नाही. सगळे म्हणतील, काकू, रिक्षाने जा. गाडी गेली म्हणजे माझं चालवणंही गेलं. असो. उद्या येते मी.”

फोन ठेवला. माझी बायको सुलभा डबा घेऊन आली होती, तिने सगळं ऐकलं होतं. ती मालवणची, बोलायला सडेतोड. डबा उघडता उघडता म्हणाली, “तुमका जमला नाय, असा सांगा तिका. गाडी म्हातारी झाली म्हणान कित्या सांगतास?”

मी चिडलो. तू काय ब्रेकमधली शहाणी, असं काही तरी बोललो. पण मासळीचं कालवण होतं तरी जेवण गेलं नाही.

मंगळवारी सकाळी बाई आल्या त्या रिक्षाने. स्टुलावर बसल्या आणि वही उघडली.

“गाडी उद्या न्यायला ते लोक येतील. निखिलला मी लिहून देणार आहे की गाडी का द्यावी लागली. मोघम लिहिलेलं मला चालत नाही. तुम्ही वेळोवेळी जे म्हणालात ते मी वाचते, चुकीचं असेल तर सांगा.”

“कशाला, बाई?”

“साक्षीदाराला त्याची साक्ष वाचून दाखवायची असते. ऐका.”

आणि त्या वाचायला लागल्या. एकसुरात, न थांबता, भावनेचा लवलेश नाही. मी कधी काय बोललो, सगळं. मध्ये मी तंबाखूवाल्याला हाक मारलेली, तीही. स्वतःचं बोलणं असं परक्या तोंडून ऐकलं की माणूस अवघडतो. मी पाना पुसत उभा होतो.

“पहिला दिवस. परब गाडीखाली. म्हणतात, ‘पिस्टन अडकलाय, निपल सोडून दाब काढतो.’ मग म्हणतात, ‘हे निपल कुठे बसवलंय वर, अडचणीत. पाना लागत नाही, बोटं सोलली. बनवणाऱ्याने मेकॅनिकचा हात कधी बघितलाच नसेल.’”

“हो, म्हणालो असेन.”

“रबर घातल्यानंतर, पहिल्यांदा हवा काढताना. परब म्हणतात, ‘दाबा.’ मी दाबलं. परब म्हणतात, ‘वा, निपल कसं हाताशी आलं. न बघता सापडतं. बनवणारा माणूस विचार करणारा होता.’”

बाई थांबल्या. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“परब, यातलं खरं कुठलं? बनवणाऱ्याने तुमचा हात बघितला होता की नव्हता? दोन्ही गोष्टी एकाच गाडीबद्दल आहेत.”

मी पाना बाकावर टाकला.  मी टॉर्च घेतला आणि गुडघ्याची पर्वा न करता सरळ गाडीखाली शिरलो. इतके दिवस मी त्या निपलला हाताने शोधत होतो. एकतीस वर्षांची सवय, बोटांना सगळं दिसतं असा माझा समज. मी डोळ्यांनी बघितलंच नव्हतं. आता टॉर्चच्या उजेडात बघितलं. निपल कॅलिपरच्या खालच्या टोकाला होतं, जमिनीकडे तोंड करून. सरकत दुसऱ्या बाजूला गेलो. तिथेही खाली.

डावा कॅलिपर उजवीकडे बसला होता आणि उजवा डावीकडे. बाकावर शेजारी शेजारी मांडले तेव्हाच अदलाबदल झाली असणार. बोल्टची भोकं जुळतात, पाइप जुळतो, डिस्कला घासणारे पॅड जुळतात, सगळं व्यवस्थित बसतं. फक्त उलटं होतं. वरचं निपल खाली येतं. आणि हवा तर वर जाऊन बसते, पाण्यातला बुडबुडा वर येतो तशी. मी पाच वेळा खालून चांगलं स्वच्छ तेल काढून टाकत होतो आणि हवा वरच्या कोपऱ्यात आरामात बसून होती. पन्नास वेळा काढलं असतं तरी ती तिथेच राहिली असती.

मी तसाच गाडीखालून बोललो, “बाई, लोखंडाला काही झालेलं नाही. गाडी म्हातारी झालेली नाही. चूक माझी आहे. कॅलिपर मी उलटसुलट बसवले.”

 वरून आवाज आला, “हे लिहू?”

“लिहा.”

पेनचा कागदावरचा आवाज मला खालपर्यंत ऐकू आला.

खरं सांगतो, त्या क्षणी लाज वाटायला हवी होती, पण लाज मागाहून आली. आधी आला तो नुसता उत्साह. वीस वर्षांचा असल्यासारखे हात चालायला लागले. शर्ट काढून खुंटीला लावला. गाडी जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली, दोन्ही पुढची चाकं काढली. पाइप सोडले, तोंडं बंद केली, बोल्ट काढले. कॅलिपर खाली घेतले आणि या वेळी खडूने एकावर ‘डा’ आणि एकावर ‘उ’ लिहिलं. बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. “निपल वर,” त्या म्हणाल्या. “वर,” मी म्हणालो. दोघांनीही वाकून बघितलं.

आता पाना खरंच लागेना. तीच अडचणीची जागा, तीच बोटं सोलणारी. मला इतका आनंद झाला की विचारू नका.

बाई पेडलवर बसल्या. मी निपलला पारदर्शक नळी लावली आणि नळीचं दुसरं टोक तेल भरलेल्या बाटलीत बुडवलं.

“दाबलं.”

मी निपल सोडलं. नळीतून आधी थोडं तेल आलं आणि मग भसाभस बुडबुडे. मोठे, टपोरे. बाटलीत नुसता फेस झाला.

“बाई, या. बघा या.”

त्या पेडल सोडणार होत्या, मी ओरडलो, “थांबा, पाय तसाच ठेवा,” आणि निपल बंद केलं. मग त्या उतरून आल्या, साडी सावरत खाली वाकल्या आणि बाटलीकडे बघत राहिल्या.

“एवढीशी हवा?” त्या म्हणाल्या.

“एवढीच. हिच्यासाठी गाडी सेटवर जाणार होती.”

पुन्हा दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. बुडबुडे लहान झाले, मग साखरेच्या दाण्याएवढे, मग एक एक, मग नुसतं तेल. दुसऱ्या बाजूलाही तसंच. शेवटचं निपल मी आवळत असताना वरून बाईंचा आवाज आला, आणि या वेळी तो साक्ष वाचण्याचा आवाज नव्हता.

“परब, पेडल जात नाहीये. वरच थांबलंय.”

मी उठलो, दारातून वाकून हाताने पेडल दाबलं. दोन बोटं गेलं आणि दगड. पुन्हा दाबलं. तिथेच. बाई माझ्याकडे बघून हसत होत्या. सुलभा डबा घेऊन तेवढ्यात आली आणि आम्हा दोघांना पेडलकडे बघून हसताना पाहून दारातच उभी राहिली. मी तिला सगळं सांगितलं. ती बाईंना म्हणाली, “बाई, आता जेवूनच जावा.” माझ्याकडे नुसतं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर सगळं होतं.

संध्याकाळी मी एकट्याने गाडी सपाट रस्त्यावर नेली. आधी अगदी हळू, मग थोड्या वेगात. दहा वेळा थांबवली. दहाही वेळा ती सरळ रेषेत, नाक किंचित खाली करून, थांबली. बुधवारी बाईंनी निखिलला फोन करून गिऱ्हाईकाला नको म्हणून सांगितलं. तो मला म्हणाला, “काका, नक्की ना? काकूच्या जिवाचा प्रश्न आहे.” त्याचं चुकलं नव्हतं. मी म्हटलं, “तू स्वतः येऊन पेडल दाबून बघ.” तो मुलुंडहून आला आणि त्याने खरंच दाबून बघितलं. मग मला शेजारी बसवून गल्लीत दोन फेऱ्या मारल्या, चारदा ब्रेक लावला आणि किल्ली काकूच्या हातात दिली.

गुरुवारी आरटीओच्या मैदानात आम्ही रांगेत उभे. पुढे मागे टेम्पो, रिक्षा, त्यात ही निळी गाडी. लोक फोटो काढत होते. तपासणारे साहेब तरुण होते, तिशीचे असतील. त्यांनी कागद बघितले, गाडीभोवती फेरी मारली आणि मला विचारलं, “गाडी तुम्ही चालवणार ना?”

“मी चालवणार,” बाई म्हणाल्या.

“आजी, ब्रेक टेस्ट आहे. जोरात मारावा लागतो.”

“आजी घरी. इथे मी अर्जदार. बसा.”

साहेब हसले आणि शेजारी बसले. मी कुंपणाशी उभा राहिलो. माझी दोन्ही हातांची बोटं जाळीत अडकली होती, हे मला नंतर कळलं. गाडी मैदानाच्या टोकाला गेली, वळली आणि आमच्या दिशेने यायला लागली. बाईंनी दुसरा गिअर टाकला, तिसरा टाकला. मनात आलं, बाई, एवढा नको. साहेबांचा हात वर झाला.

गाडी थांबली. धूळ पुढे गेली आणि गाडी मागे राहिली. चारही चाकांचे पट्टे मातीत सारख्या लांबीचे उमटले, ना डावीकडे ना उजवीकडे. साहेबांची टोपी मात्र डॅशबोर्डवर जाऊन पडली होती. ती त्यांनी उचलली, झटकली, खाली उतरून पट्टे बघितले आणि कुंपणाकडे येऊन मला म्हणाले, “ब्रेकचं काम कुणी केलं?”

एकतीस वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी चांगल्या अर्थाने विचारला होता. ‘मी’ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाईंनी खिडकीतून सांगितलं, “यांनीच. दोनदा केलं. दुसऱ्यांदा बरोबर.”

साहेबांना काय कळायचं ते कळलं असावं. त्यांनी सही केली.

तो दिवस आनंदात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मात्र मला पेडणेकर आठवले आणि चहा कडू लागला. दहिसरचे पेडणेकर टुरिस्ट गाडी चालवायचे. आठ-दहा वर्षांपूर्वी त्यांची जुनी गाडी माझ्याकडे आली होती. पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली बसायचं. मी मुख्य सिलिंडरचे वॉशर बदलले, दोन आठवडे झगडलो आणि शेवटी त्यांनाही तेच वाक्य सांगितलं. गाडी म्हातारी झाली, भंगारात घाला. त्यांनी मान डोलावली आणि गाडी घेऊन गेले. परत कधी आले नाहीत. आणखी किती जणांना मी ते वाक्य सांगितलं असेल? बाईंसारखी वही कुणाकडेच नव्हती.

जुन्या डायरीत त्यांचा नंबर सापडला. फोन लागला, त्यांचा आवाज मी लगेच ओळखला.

“पेडणेकर, मी ब्रेकवाला परब. तुमच्या गाडीबद्दल बोलायचं होतं. मी तेव्हा भंगारात घाला म्हणालो. मला वाटतं, मी नीट बघितलंच नव्हतं. चूक माझी असेल.”

पलीकडे ते थोडं खाकरले. “परब, गाडी मी भंगारात घातलीच नाही.”

“मग?”

“माझ्या साडूला दिली, नाशिकला. तिकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने मेन सिलिंडर उघडला, वॉशर उलटा बसलेला होता तो सरळ केला. अर्ध्या तासाचं काम. गाडी अजून चालते. परवाच साडू घेऊन आला होता, ब्रेक एकदम झकास.”

 सुटल्यासारखंही वाटत होतं आणि जमीन दुभंगली तर बरं असंही वाटत होतं.

“अहो, मग मला एकदा येऊन सांगायचं तरी,” मी म्हणालो. “इतकी वर्षं झाली.”

“दोनदा आलो होतो,” पेडणेकर म्हणाले. “दोन्ही वेळा तुम्ही कुणाच्या ना कुणाच्या गाडीखाली होतात. शेडच्या बाहेर लोक तुमचं नाव घेऊन उभे होते. म्हटलं, त्यांच्यासमोर कशाला सांगा? तसाच परत गेलो.”